सॅलरी आहे म्हणून ओव्हरटाइम नाही? अमेरिकेतल्या पगारदारांनी हिशोब कुठून सुरू करावा

न्यू जर्सीत छोट्या दुकानांचं, क्लिनिकांचं पेरोल मी बरीच वर्षं सांभाळतो आहे. ओळखीतल्या मराठी मंडळींकडून दोन वाक्यं इतक्यांदा ऐकली आहेत की शेवटी हे लिहायला बसलो. पहिलं : "मी सॅलरीवर आहे, मला कुठला ओव्हरटाइम?" दुसरं : "आता ५८ हजारांच्या खाली पगार असेल तर ओव्हरटाइम द्यावाच लागतो ना?" दोन्ही चुकीची. पहिल्यामुळे नोकरदाराचं नुकसान होतं. दुसऱ्यामुळे लोक चुकीचा आकडा घेऊन मालकाकडे जातात आणि पहिल्याच वाक्यात तोंडावर पडतात.

ठरलेला पगार ही पैसे देण्याची एक पद्धत आहे. ओव्हरटाइममधून सूट मिळायला त्यापलीकडे आणखी अटी पुऱ्या व्हाव्या लागतात आणि त्या तपासण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. खालचे टप्पे त्याच क्रमाने घ्या, मधला एखादा गाळू नका.

## आधी डोक्यातला आकडा दुरुस्त करा

१ जानेवारी २०२० पासून केंद्रीय नियमात आठवड्याला किमान ६८४ डॉलर, म्हणजे वर्षाला ३५,५६८, ही ओव्हरटाइममधून सूट मिळण्याची पायरी आहे : पगार याच्या खाली असेल तर मालकाला सहसा सूट मिळत नाही. २०२४ मध्ये कामगार खात्याने नवा नियम आणला. १ जुलै २०२४ पासून ती ८४४ झाली आणि १ जानेवारी २०२५ पासून १,१२८ (वर्षाला ५८,६५६) होणार होती. पण १५ नोव्हेंबर २०२४ रोजी टेक्सासमधल्या केंद्रीय न्यायालयाने हा नियम देशभरासाठी रद्द केला. त्यात जुलैमध्ये लागू झालेली वाढही गेली. आकडा परत ६८४ वर आला.

जास्त पगारवाल्यांचं काम तपासायची जी सैल कसोटी आहे, तिच्या पगाराच्या आकड्याचंही तेच झालं. १,३२,९६४ आणि १,५१,१६४ हे दोन्ही आकडे गेले, वर्षाला १,०७,४३२ हा जुना आकडा परत आला.

गोंधळ होतो तो इथे. इंटरनेटवर २०२४ च्या मे-जूनमध्ये लिहिलेले ढीगभर लेख अजून तसेच पडले आहेत आणि शोधलं की तेच वर येतात. लेखाची तारीख बघितल्याशिवाय आकडा उचलू नका.

खबरदारी : जुलै २०२४ मध्ये तुमच्या मालकाने पगार वाढवला असेल किंवा तुम्हाला ओव्हरटाइमपात्र केलं असेल, तर न्यायालयाच्या निकालाने तो बदल आपोआप मागे गेलेला नाही. मालक पुढच्या काळासाठी व्यवस्था बदलू शकतो. बऱ्याच राज्यांत त्याची आगाऊ सूचना द्यावी लागते. मागच्या महिन्यांचा पगार मात्र "आता नियमच रद्द झाला" म्हणून परत मागता येत नाही. तसं कुणी मागत असेल तर लेखी मागणी द्या म्हणावं.

## तयारी : एक फाइल करा

कुणाशीही बोलण्याआधी हे गोळा करा :

- ऑफर लेटर आणि नंतर पगार बदलल्याची पत्रं
- निदान सहा महिन्यांच्या पेस्टब (पगाराच्या पावत्या)
- कामाचं लेखी वर्णन, आणि त्याच्या शेजारी तुम्ही प्रत्यक्षात काय करता त्याची स्वतःच्या हाताने लिहिलेली यादी
- पगारातून कापणी झाली असल्यास तिच्या तारखा आणि कारणं
- तासांची वही

तासांची वही सगळ्यात महत्त्वाची. सॅलरीवरच्या माणसाला पंच करायला कुणी सांगत नाही, म्हणून त्याच्या तासांची नोंद कुठेच नसते. नोंद ठेवणं मालकाचं काम आहे. त्याने ती ठेवली नसेल तर तुमची रोजच्या रोज लिहिलेली वही पुरावा म्हणून धरली जाते. तारीख, आल्याची वेळ, जेवणाची सुटी, गेल्याची वेळ, घरून केलेलं काम, एवढं पुरे. महिनाभरानंतर आठवून भरलेल्या वहीला वजन राहत नाही.

खबरदारी : वही स्वतःची ठेवा, कंपनीच्या लॅपटॉपवर नको. नोकरी गेली तर त्या दिवशी लॅपटॉपही जातो. आणि कंपनीची गोपनीय कागदपत्रं स्वतःच्या ईमेलवर पाठवू नका, उलटा बडगा तुमच्यावरच यायचा.

## टप्पा १ : तुम्ही कुठल्या राज्यात बसून काम करता?

कंपनीचं मुख्यालय कुठे आहे याने फरक पडत नाही. तुम्ही काम जिथे करता त्या राज्याचा नियम बघायचा. केंद्र आणि राज्य यांच्यात जो नोकरदाराच्या फायद्याचा तो लागू होतो. २०२६ साठी काही आकडे :

- कॅलिफोर्निया : वर्षाला ७०,३०४ (राज्याच्या किमान वेतनाच्या दुप्पट)
- वॉशिंग्टन राज्य : वर्षाला ८०,१६८.४० (किमान वेतनाच्या सव्वादोन पट)
- न्यूयॉर्क शहर, लाँग आयलंड आणि वेस्टचेस्टर : आठवड्याला १,२७५. राज्याच्या बाकी भागात थोडा कमी. हा आकडा व्यवस्थापकीय आणि प्रशासकीय गटांनाच (टप्पा ४ बघा) लागतो
- कोलोरॅडो : वर्षाला ५७,७८४
- न्यू जर्सी आणि टेक्सास : केंद्राचाच ६८४

हे आकडे बहुतेक ठिकाणी दर जानेवारीला सरकतात. डॅलसच्या कंपनीसाठी सिएटलच्या घरून वर्षाला ७५ हजारांवर काम करणाऱ्याला टेक्सासचा हिशोब लावला जातो, ही नेहमीची चूक. त्याला वॉशिंग्टनचा आकडा लागतो आणि त्या आकड्याखाली असल्यामुळे तो ओव्हरटाइमपात्र ठरू शकतो.

"आमचं दुकान छोटं आहे, आम्हाला कायदा लागत नाही" असं सांगणारे मालकही भेटतात. वर्षाला ५ लाख डॉलरची उलाढाल असलेला धंदा तर सरळच कायद्याखाली येतो. त्याहून लहान धंद्यातही कामाचा संबंध दुसऱ्या राज्यांशी येत असेल (बाहेरून माल मागवणं, दुसऱ्या राज्यांत फोन, कार्डाचे व्यवहार), तर ते काम करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण मिळतं.

## टप्पा २ : पगार खरंच "ठरलेला" आहे का?

ओव्हरटाइममधून सूट लागू व्हायची तर काम कमी झालं किंवा वाईट झालं म्हणून पगार घटता कामा नये. आठवड्यात थोडंही काम केलंत तर पूर्ण आठवड्याची रक्कम मिळायला हवी. पेस्टब उघडा आणि शोधा :

- दुपारी दोनला डेंटिस्टकडे गेलात म्हणून अर्ध्या दिवसाचा पगार कापला आहे का?
- दुकानात गिऱ्हाईक नाही म्हणून घरी पाठवून पैसे कापले आहेत का?
- गल्ल्यात कमी आलेले पैसे पगारातून वळते केले आहेत का?

असं वारंवार होत असेल तर तो पगार कायद्याच्या अर्थाने सॅलरी राहत नाही. वैयक्तिक कारणाने घेतलेल्या पूर्ण दिवसाची कापणी मात्र चालते. आजारपणाच्या पूर्ण दिवसाची कापणी कंपनीची आजारी रजेची रीतसर योजना असेल तरच चालते. नोकरीच्या पहिल्या आणि शेवटच्या आठवड्यात दिवसांच्या हिशोबाने पगार देता येतो. आणि अर्धा दिवस तुमच्या साठलेल्या रजेतून वजा करणं वेगळं, पगारातून वजा करणं वेगळं. पेस्टब वाचताना लोक इथेच फसतात.

रोजंदारीवाल्यांसाठी एक निकाल लक्षात ठेवण्यासारखा आहे. हेलिक्स एनर्जी विरुद्ध ह्युइट या खटल्यात तेलविहिरीवरच्या एका पर्यवेक्षकाला दिवसाच्या दराने पैसे मिळत. वर्षाची कमाई २ लाख डॉलरच्या वर होती. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दिवसाचा दर म्हणजे सॅलरी नव्हे, त्याला ओव्हरटाइम मिळायला हवा. तेव्हा "एवढा पगार असणाऱ्याला कसला ओव्हरटाइम" हा युक्तिवाद दरवेळी टिकतोच असं नाही.

तपासणी : एक-दोन चुकून झालेल्या कापण्या मालकाने परत दिल्या तर सूट जात नाही. नेहमीची पद्धत आहे का, ते बघा.

## टप्पा ३ : आठवड्याचा आकडा काढा, महिन्याला चाराने भागू नका

सगळ्यात जास्त चुका इथेच. महिन्यात चार आठवडे असतात हा समज सोडा, वर्षात ५२ असतात. महिन्याचा पगार गुणिले १२, भागिले ५२. महिन्यात दोनदा मिळणारा असेल तर गुणिले २४, भागिले ५२. दर दोन आठवड्यांनी मिळत असेल तर सरळ निम्मा. ६८४ ची पायरी अशी उतरते :

- दर दोन आठवड्यांनी : १,३६८
- महिन्यात दोनदा : १,४८२
- महिन्याला : २,९६४

महिन्याला २,८०० मिळणारा माणूस चाराने भागून ७०० काढतो आणि स्वतःला पायरीच्या वर समजतो. खरा आकडा ६४६.१५. तो खाली आहे, म्हणजे काम कसलंही असो, त्याला बहुधा ओव्हरटाइम मिळायला हवा.

तीन बारकावे. अर्धवेळ नोकरी असली तरी ६८४ अर्धा होत नाही. या रकमेतला जास्तीत जास्त १० टक्के हिस्सा आधीच ठरलेल्या बोनसमधून किंवा कमिशनमधून भरता येतो, त्याहून जास्त नाही. आणि शिक्षक, डॉक्टर, वकील, तसंच बाहेर फिरून विक्री करणारे यांना केंद्राची पगाराची पायरी लागतच नाही. त्यांचं सगळं कामाच्या स्वरूपावर ठरतं.

## टप्पा ४ : काम नेमकं काय आहे?

पगार पायरीच्या वर निघाला की बरेच जण थांबतात. थांबू नका, खरी मेख इथे आहे. व्हिजिटिंग कार्डावरच्या हुद्द्याला कायदा काही किंमत देत नाही. तुमचं मुख्य काम काय, एवढंच तो विचारतो.

व्यवस्थापकीय गट. तीन गोष्टी एकत्र हव्यात : मुख्य काम धंदा किंवा त्याचा एखादा विभाग चालवण्याचं, नियमितपणे निदान दोन पूर्णवेळ माणसं हाताखाली, आणि माणसं ठेवण्या-काढण्याचा अधिकार किंवा त्याबाबतीत तुमच्या शिफारशीला खास वजन. आपल्याकडच्या ग्रोसरी स्टोअरमधले "असिस्टंट मॅनेजर" आठवा. सकाळी शटर उघडायचं, भाजीचे खोके उतरवायचे, दिवसभर गल्ल्यावर, रात्री पोछा. हाताखाली एक कॉलेजचा मुलगा, तोही आठवड्याला पंधरा तास. हुद्दा मॅनेजरचा, पण तिन्हींपैकी एकही अट पुरी नाही.

प्रशासकीय गट. सगळ्यात जास्त गैरवापर होणारा गट. फक्त ऑफिसात बसून केलेलं काम पुरत नाही. काम धंद्याच्या एकूण कारभाराशी निगडित हवं आणि महत्त्वाच्या बाबतीत स्वतःच्या अकलेने निर्णय घ्यायची मुभा हवी. ठरवून दिलेल्या पद्धतीने फॉर्म भरणं, बिलं चढवणं, अपॉइंटमेंट लावणं हे कितीही कुशलतेने केलं तरी यात बसत नाही.

व्यावसायिक गट. दीर्घ विशेष शिक्षणातून आलेलं ज्ञान ज्या कामाला लागतं ते काम. सीपीए (परवानाधारक लेखापाल) सहसा बसतो, हिशोब चढवणारा क्लार्क किंवा बुककीपर सहसा नाही. नोंदणीकृत परिचारिका बसते, एलपीएन (कमी प्रशिक्षणाची परवानाधारक परिचारिका) सहसा नाही. तुमच्याकडे एमकॉम आहे, पण काम पावत्या चढवण्याचं आहे, तर तुमची पदवी मोजली जात नाही, कामाला ती लागते का हे मोजलं जातं. भारतातून मोठ्या पदव्या घेऊन आलेल्यांना हे पचायला जड जातं. पण इथे ते त्यांच्या फायद्याचंच आहे.

संगणक गट. प्रणालींचं विश्लेषण, रचना, प्रोग्रॅम लिहिणं, तपासणं, बदलणं असं उच्च कौशल्याचं काम. यात पगार आठवड्याला ६८४ किंवा तासाला किमान २७.६३ डॉलर चालतो. हेल्पडेस्कवर पासवर्ड रीसेट करणारा, प्रिंटर जोडणारा, लॅपटॉप लावून देणारा यात बसत नाही, मग त्याला "सिस्टिम्स इंजिनीअर" म्हणा की आणखी काही. कॅलिफोर्नियात या गटाच्या पगाराची अट केंद्रापेक्षा कितीतरी जास्त आहे.

तपासणी : दोन आठवडे वहीत प्रत्येक दोन तासांपुढे काय केलं ते एका ओळीत लिहा. केंद्राच्या नियमात वेळेची टक्केवारी हा एक निकष आहे, एकमेव नाही. कॅलिफोर्नियात मात्र निम्म्याहून जास्त वेळ सूट मिळवून देणाऱ्या कामात जायलाच हवा. एच-१बी (नोकरीच्या व्हिसा) वर असाल तर त्या अर्जात लिहिलेलं काम आणि वहीतलं काम शेजारी ठेवून बघा. त्यांच्यात अंतर असेल तर ओव्हरटाइमच्याही आधी वकिलाला विचारण्यासारखी ती गोष्ट आहे.

## टप्पा ५ : तास मोजा

केंद्राचा ओव्हरटाइम आठवड्याच्या ४० तासांपुढे लागतो. आठवडा म्हणजे मालकाने ठरवलेले सलग १६८ तास. रविवारपासून असो की बुधवारपासून, पण ठरलेला हवा. कॅलिफोर्नियात दिवसाच्या ८ तासांपुढेही लागतो.

- या आठवड्यात ५०, पुढच्यात ३०, सरासरी ४० : चालत नाही. पहिल्या आठवड्याचे १० तास ओव्हरटाइमचेच.
- "जादा काम केलंस, पुढच्या आठवड्यात सुटी घे" : खासगी नोकरीत ओव्हरटाइमपात्र माणसाचे पैसे असे फेडता येत नाहीत.
- "परवानगी न घेता थांबलास, पैसे नाही" : मालकाला कळत असून त्याने काम होऊ दिलं तर पैसे द्यावेच लागतात. हवं तर त्याने शिस्तीची कारवाई करावी.
- ५ ते २० मिनिटांची चहाची सुटी कामात धरतात. पूर्ण मोकळी अर्ध्या तासाची जेवणाची सुटी धरत नाहीत. फोन उचलत जेवलात तर ती मोकळी नव्हती.
- पगारी सुटीचे किंवा रजेचे तास ४० मध्ये धरले जात नाहीत. सोमवारी सुटी आणि बाकी चार दिवसांत ३८ तास काम, तर ओव्हरटाइम शून्य.

## टप्पा ६ : रक्कम काढा

समजा आठवड्याचा पगार ८०० आहे आणि तो ४० तासांचा ठरला आहे. तासाचा दर २०. त्या आठवड्यात ४८ तास काम झालं. जादा ८ तासांचा दर दीडपट, म्हणजे ३०. ओव्हरटाइम २४०, एकूण १,०४०.

आता त्याच आठवड्यासाठी लक्ष्य गाठल्याचा १०० डॉलर बोनस आहे असं धरा. बोनस आधीच कबूल केलेला असेल तर तो दरात मिसळावा लागतो. ४८ तासांचे २० प्रमाणे ९६०, अधिक १००, एकूण १,०६०. भागिले ४८, दर २२.०८. या दराचा निम्मा गुणिले ८ तास म्हणजे ८८.३३. एकूण १,१४८.३३. बोनस नुसता वर ठेवला असता तर १,१४० झाले असते. फरक ८ डॉलरचा, पण वर्षभर दर आठवड्याला असेल तर चारशेच्या वर. मालकाने स्वखुशीने, आधी न सांगता दिवाळीला दिलेली भेट यात धरायची नाही.

खबरदारी : तुमच्या करारात पगार "जितके तास लागतील तितक्यांसाठी" असं स्पष्ट लिहिलं असेल तर काही राज्यांत जादा तासांना फक्त निम्मा दर वर देण्याची पद्धत चालते. कॅलिफोर्नियात ती चालत नाही. कराराची ही ओळ शोधा, मगच रक्कम लिहा.

## टप्पा ७ : बोला, मग गरज पडली तर तक्रार करा

आधी पेरोल किंवा एचआरला लेखी विचारा. आरोप नको, प्रश्न करा : "माझं पद कुठल्या गटाखाली ओव्हरटाइममधून वगळलं आहे आणि कधीपासून, ते कृपया कळवावं." या एका प्रश्नाने अनेकदा हिशोब आपोआप दुरुस्त होतो, कारण उत्तर शोधताना त्यांच्याच लक्षात येतं. आकडे पहिल्याच पत्रात टाकू नका.

उत्तर आलं नाही किंवा टोलवाटोलवी झाली तर कामगार खात्याच्या वेज अँड अवर डिव्हिजनकडे जा. फोन १-८६६-४८७-९२४३. तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवतात आणि स्थलांतराचा दर्जा काय, यावर वेतनाचा हक्क अवलंबून नसतो. राज्याच्या कामगार खात्याकडेही जाता येतं. जास्त आकड्याच्या राज्यांत तेच सोयीचं.

मागणी मागच्या २ वर्षांपुरतीच करता येते, मालकाने जाणूनबुजून केलं असेल तर ३ वर्षांपर्यंत. प्रत्येक पगाराचा काळ वेगळा मोजतात. म्हणजे बोलणी लांबली तर दर आठवड्याला मागचा एक आठवडा हातातून जातो. बाकीएवढीच रक्कम नुकसानभरपाई म्हणून वर मिळू शकते. तक्रार केली म्हणून त्रास देणं बेकायदेशीर आहे, पण एच-१बी वरच्या माणसाला नोकरी गेल्यावर देशात राहायला मोजकेच दिवस मिळतात हेही खरं. त्याने तक्रारीआधी वकिलाशी तासभर बोलून घ्यावं.

"मी ओव्हरटाइम मागणार नाही" असं लिहून घेतलेलं असेल तर घाबरू नका. केंद्राच्या कायद्यातला हा हक्क सही करून सोडता येत नाही.

## टप्पा ८ : मिळालेला ओव्हरटाइम आणि कर

२०२५ च्या कायद्याने २०२५ ते २०२८ या वर्षांसाठी ओव्हरटाइमवर आयकरात वजावट दिली आहे. एकट्याला १२,५०० डॉलरपर्यंत, संयुक्त विवरणपत्राला २५,००० पर्यंत. उत्पन्न एकट्याचं १,५०,००० किंवा संयुक्त ३,००,००० च्या वर गेलं की वजावट घटत जाते. विवाहितांनी वेगवेगळी विवरणपत्रं भरली तर ती मिळत नाही.

लोक पूर्ण ओव्हरटाइम वजा करायला जातात. वजावट फक्त वरच्या निम्म्या भागाची आहे. टप्पा ६ मधल्या पहिल्या उदाहरणात २४० पैकी १६० हा साधा दर आणि ८० हा वरचा भाग. वजा होतात ८०. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर पूर्ण रकमेवर कापलं जातंच. आणि वजावट केंद्राच्या कायद्याने बंधनकारक असलेल्या ओव्हरटाइमचीच आहे. कॅलिफोर्नियात एका दिवशी १० तास केले, पण आठवडा ४० च्या आत राहिला, तर तो राज्याचा ओव्हरटाइम यात बसत नाही. मालकाने सौजन्य म्हणून सूट असलेल्या माणसाला दिलेले जादा पैसेही नाहीत.

२०२५ च्या डब्ल्यू-२ (मालक देतो तो वर्षाच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा फॉर्म) वर हा आकडा वेगळा दाखवणं मालकांना सक्तीचं नव्हतं, २०२६ पासून आहे. २०२५ साठी वर्षाची शेवटची पेस्टब काढा, ओव्हरटाइमच्या ओळीत दीडपट रक्कम एकत्र दिली असेल तर तिला तीनने भागा. येईल तो आकडा वरचा भाग.